जुन्या संगणकाला नवा प्रोसेसर : आधी मदरबोर्डला विचारा



आपल्या बऱ्याच शाळांत संगणक आहेत, पण दहा-बारा वर्षांपूर्वीचे. सुरू व्हायलाच इतका वेळ घेतात की तासिका संपत येते. मग हळूहळू त्यांच्यावर कापड पडतं ते कायमचंच. ज्या मुलांच्या घरी फक्त मोबाईल आहे, त्यांना कीबोर्डवर बोटं ठेवायला मिळतात ती शाळेतच. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे "भंगारात द्या, नवीन घ्या." दुसरा, "प्रोसेसर बदला, पळायला लागेल." माझ्या मते दोन्ही सल्ले घाईचे आहेत. पैसा लोकवर्गणीचा असो की पालकांच्या पगारातला, आधी अर्धा तास तपासणीला द्यायलाच हवा.

१) दुखणं कुठे आहे ते बघा

ज्या मुलाला वजाबाकीतला हातचाच कळला नाही, त्याला भागाकाराची शिकवणी लावून काय उपयोग? संगणकाचंही तसंच आहे. टास्क मॅनेजर उघडा, नेहमीचं काम करा आणि सीपीयू, मेमरी, डिस्क यांपैकी काय १०० टक्क्यांजवळ जातं ते बघा. डिस्क जात असेल तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा. तिथे एसएसडी बसवा. मेमरी भरत असेल तर रॅम वाढवा. सीपीयूच सतत भरलेला दिसला, तरच प्रोसेसरचा विचार करा.

२) प्रोसेसर मदरबोर्डला चालला पाहिजे

बाजारात मिळणारा कुठलाही प्रोसेसर आपल्या संगणकात बसत नाही. पहिली अट सॉकेटची. इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी ११५५ सॉकेटची, चौथी पिढी ११५० ची. आकडे जवळचे वाटले तरी एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. आणि सॉकेट जुळलं म्हणजे झालं असंही नाही बरं का! ११५१ सॉकेटमध्ये सहावी-सातवी पिढी आहे, तशी आठवी-नववीही आहे. पण सहाव्या-सातव्या पिढीसाठी आलेल्या १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर आठवी पिढी चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. एच६१ चिपसेटचा बोर्ड आहे, त्यावर पेन्टियम जी६२० आहे. त्याला दोन कोअर. त्या जागी चार कोअरचा आय५-२४०० किंवा आय५-३४७० घेता येईल. मात्र दुसरा तिसऱ्या पिढीचा असल्यामुळे बोर्डचं बायोस जुनं असेल तर ते आधी अपडेट करावं लागतं, आणि तेही जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. त्या वेळी वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस हवाच.

विजेचंही बघा. जी६२० हा ६५ वॅटचा, आय५-३४७० हा ७७ चा, तर आय५-२४०० हा ९५ चा. बोर्ड, पंखा आणि एसएमपीएस यांना ते झेपतं का, हे विचारा. आय५-३३५०पी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही.

३) दुकानात जाण्याआधी कागदावर लिहा

'सिस्टम इन्फर्मेशन' उघडलं की प्रोसेसर, बोर्डचं नाव आणि बायोसची आवृत्ती दिसते. हे तिन्ही लिहून घ्या. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी बघा. यादीत नाव नसेल तर घेऊ नका, दुकानदार कितीही "चालतंय हो सर" म्हणाला तरी! हे प्रोसेसर बहुधा वापरलेलेच मिळतात, म्हणून समोर बसवून, चालवून दाखवायला सांगा. बसवताना थर्मल पेस्ट नवीन लावायला हवी. या बोर्डांच्या सॉकेटमधल्या पिना अगदी नाजूक असतात, एक वाकली तरी बोर्ड बिघडू शकतो. सवय नसेल तर जाणकाराकडूनच बसवून घ्या.

४) कुठे थांबायचं?

विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. म्हणजे ११५५ च्या बोर्डवर कितीही भारी प्रोसेसर बसवला तरी तो अधिकृतपणे त्या यादीत येत नाही. पण टायपिंग, चित्रं काढणं, स्क्रॅच, गणिताचे खेळ यांसाठी उबुंटूसारखी मोफत प्रणाली टाकून हेच संगणक अजून काही वर्षं मुलांच्या हाती देता येतात. तेवढ्यासाठी थोडा खर्च जरूर करा. मात्र प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी मिळून खर्च नव्याच्या निम्म्यावर जायला लागला, तर तिथेच थांबा आणि तो पैसा नवीन संगणकासाठी बाजूला ठेवा.

आणि हो, संगणक उघडाल तेव्हा सहावी-सातवीची मुलं भोवती उभी राहू द्या. वीज बंद करून, प्लग काढून, त्यांना रॅम कुठली, प्रोसेसर कुठला ते दाखवा. पुस्तकातल्या चित्रापेक्षा ते त्यांच्या जास्त लक्षात राहील.