शाल-श्रीफळ नको, घंटागाडी पाठवा

मा. नगराध्यक्ष आणि मा. मुख्याधिकारी यांस,



दर रविवारी सकाळी तळ्यावर कचरा काढणारं म्हातारं जोडपं आपण येता-जाता पाहिलं असेल. ते आम्ही. ह्यांच्या हातात बांबूला बांधलेला आकडा, माझ्या हातात खताचं रिकामं पोतं. हे ओढून काठाला आणतात, मी भरते. त्यावरून भांडणंही होतात. ह्यांचं म्हणणं, मी चिखलासकट भरते. भरते! चिखल निथळत बसायला वेळ कुणाला आहे?

निघतं काय, तर गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, थर्माकोलच्या पत्रावळी. (राज्यात 23 मार्च 2018 पासून त्यांना बंदी आहे म्हणे.) सगळ्यात जड निर्माल्य. फुलं बिचारी पाण्यात कुजून गेली असती, पण आपण भाविक मंडळी ती कॅरीबॅगेत कोंबून वर घट्ट गाठ मारतो. गाठ सोडली की आत काळा लगदा आणि एखादी फुटक्या काचेची तसबीर. अशाच एका काचेने जानेवारीत माझा अंगठा चिरला.

लोकांशी आम्ही बोलतो. काही ऐकतात, काही 'याचा पगार मिळतो का' म्हणून विचारतात. ते आम्ही पाहून घेऊ. गाडी मात्र तुमच्याकडे आहे.

भरलेली पोती आम्ही पिंपळाखाली रचतो. तिथून पन्नास पावलांवरून घंटागाडी रोज गाणं वाजवत जाते. चालक म्हणतो, "काकू, तळं आमच्या रूटमध्ये नाही." त्याला तरी काय बोलायचं? दोन-तीन दिवसांत कुत्री पोती फाडतात, वारा सुटतो आणि पिशव्या परत पाण्यात. सराफाच्या दुकानाची एक निळी पिशवी गेल्या महिन्यात मी दोनदा काढली. कोपऱ्यातल्या भोकावरून ओळखली.

काठावर विखुरलेल्या पेल्यांत पावसाचं पाणी साचतं. डेंग्यूचा डास अंडी घालतो तो असल्याच घोटभर स्वच्छ पाण्यात. पावसाळ्यात आपण गल्लोगल्ली धूर सोडता. त्यापेक्षा पेले उचलणं स्वस्त पडेल.

गेल्या आठवड्यात आपल्या कार्यालयातून फोन आला, स्वातंत्र्यदिनी आमचा सत्कार करायचा आहे. आभारी आहोत, पण शाली घरात चार आहेत. त्याऐवजी गाडीचा रूट पन्नास पावलं वाढवा. घाटावर निर्माल्य कलश ठेवा आणि तो रिकामाही करत जा, नाहीतर त्याचा उकिरडा व्हायला चार दिवस पुरतात. पाण्यात कचरा टाकायला 2016 च्या घनकचरा नियमांनीच मनाई केली होती, तेवढं एका फलकावर लिहून लावा.

आज पिंपळाखाली अकरा पोती आहेत. रविवारी साडेनऊपर्यंत आम्ही तिथेच असतो. गाडी आली तर चढवायला हात लावू.

आपली,
तळ्याकाठची एक रहिवासी