दिवाणखान्यातला समुद्र

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. हे वाक्य मात्र नेहमी हौस करणाऱ्याच्याच तोंडी असते. त्या हौसेपायी ज्याचा जीव पेटीत येऊन पडतो, त्याचे मत कोणी विचारीत नाही. घरात काचेची पेटी ठेवून तीत दोन-चार सोनमासे सोडण्याची आवड आपल्याकडे जुनीच आहे. आता शहरांतील काही सधन घरांना तेवढ्याने समाधान नाही. त्यांना दिवाणखान्यात खारे पाणी हवे, आणि त्या पाण्यात जिवंत प्रवाळांची बाग हवी. ही बाग सुंदर दिसते, यात शंका नाही. आपल्या देशात ती घरी लावावी काय, एवढाच प्रश्न आहे. आणि माझे उत्तर 'लावू नये' असे आहे.

प्रवाळ दिसते झाडासारखे किंवा दगडासारखे, परंतु तो प्राणी आहे. अंगठीतले पोवळे म्हणजे अशाच एका प्राण्याचा सांगाडा. उथळ, उबदार समुद्रात खडक रचणारी जी प्रवाळे असतात, त्यांच्या इवल्या जीवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देते आणि यजमान पाण्यातला चुना घेऊन घर बांधतो. मोठी नाजूक भागीदारी ही! पाणी नेहमीपेक्षा थोडे अधिक तापले आणि तसेच राहिले, की शैवाल निघून जाते व प्रवाळ पांढरेफटक पडते.

समुद्र हा संसार विनामूल्य चालवतो. तोच घरात चालवायचा म्हणजे काय करावे लागते, याचा हिशेब करून पाहावा. सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी पेटी घेतली, तर तीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. नुसत्या पाण्याचे वजनच ७०० किलोच्या घरात जाते. काच, खडक आणि चौकट निराळीच. आपल्याकडे राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात, आणि ही पेटी जेमतेम सव्वा चौरस मीटरही जागा व्यापत नाही! लिटरला ३५ ग्रॅम या प्रमाणात पहिल्याच भरणाला सुमारे २४ किलो क्षार लागतात, आणि तेही नळाच्या नव्हे, गाळून निर्मळ केलेल्या पाण्यात. पुढे कित्येक आठवडे नुसती वाट पाहायची. माशांच्या मलमूत्रातून जो विषारी अमोनिया होतो, त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जंतू खडकांवर रुजावे लागतात. त्यानंतर प्रखर दिवे, लाटांसाठी पंप, घाण फेसावाटे काढणारे यंत्र, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी २६ अंशांच्या आसपास ठेवणारे शीतयंत्र. प्रवाळे चुना शोषून घेतात, म्हणून तोही मोजून घालीत राहायचे. वीज बराच वेळ गेली, की पाण्यातला प्राणवायू संपू लागतो.

पैसा असणारा म्हणेल, हे सारे आम्ही करू. तेव्हा थोडा इतिहास पाहू. १८४६ साली अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळे लंडनला आणली आणि काचेच्या भांड्यात जगवली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. आजचा विजेचा पंप त्या मोलकरणीचेच काम करतो. पुढे १८५४ साली फिलिप गॉस यांचे मत्स्यपेटीवरील पुस्तक निघाले आणि इंग्लंडात या छंदाची लाट उसळली. गॉस हे निसर्गावर मनापासून प्रेम करणारे अभ्यासक होते. परंतु त्यांच्याच मुलाने, एडमंड गॉस यांनी, १९०७ सालच्या आपल्या आत्मकथनात त्या प्रेमाचा परिणाम नोंदवून ठेवला आहे. वडिलांनी ज्या खडकांतल्या डबक्यांचे वर्णन केले, ती संग्राहकांच्या झुंडींनी ओरबाडून ओस पाडली. ज्यांना ती डबकी आवडली, त्यांनीच ती संपवली!

आपला कायदा या बाबतीत शहाणा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक रचणारी प्रवाळे, पंख्याच्या आकाराची प्रवाळे आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. म्हणजे आपल्या समुद्रातले प्रवाळ उपटून घरी आणणे हा वाघाच्या शिकारीच्याच पंक्तीतला गुन्हा आहे. आणि प्रवाळे म्हणजे काही केवळ लक्षद्वीप-अंदमानची मिरास नव्हे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, मालवणच्या पाण्यात ती आहेत. विजयदुर्गाच्या पश्चिमेला भर समुद्रात कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारा 'आंग्रिया बँक' हा बुडालेला उंचवटा प्रवाळांनी भरलेला आहे. फार काय, मुंबईत हाजी अलीजवळच्या खडकांवरही ती सापडली, आणि किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली तेथून हलवावी लागली. ज्या मुंबईकराला ती पेटीत हवी आहेत, त्याला ती आपल्या गावच्या किनाऱ्यावर होती हे ठाऊक तरी होते काय?

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. परदेशांतील हौशी लोकांनी या छंदातून पुष्कळ ज्ञान मिळवले आहे. प्रवाळाचा तुकडा तोडून त्याचे नवे रोप वाढवण्याची रीत त्यांच्या पेट्यांतून पसरली. समुद्र तापत चालला आहे; जगभर प्रवाळे पांढरी पडण्याची चौथी मोठी लाट आल्याचे २०२४ साली जाहीर झाले. मग निदान घरात तरी काही वाचतील, असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद मनाला भिडतो, पण बुद्धीला पटत नाही. पेटीत तुकडे वाचतात, प्रवाळभिंत वाचत नाही. तिच्या आधाराने जगणारे मासे, लाटांपासून राखला जाणारा किनारा, कोळ्याच्या जाळ्यात येणारी मासळी, यांपैकी काहीच काचेआड मावत नाही.

ज्याला खाऱ्या पाण्याचा छंद सोडवतच नाही, त्याने प्रवाळांचा हट्ट सोडावा. आपल्या देशातील संशोधन संस्थांनी विदूषक माशांची पैदास टाक्यांत करून दाखवली आहे. असे पैदाशीचे मासे आणि घडवलेले खडक यांवर समाधान मानावे. बाकीच्यांसाठी सार्वजनिक मत्स्यालये हवीत. १९५१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने कित्येक पिढ्यांना साध्या तिकिटात समुद्राचे अंतरंग दाखवले. शंभर दिवाणखान्यांत शंभर पेट्या असण्यापेक्षा प्रत्येक किनारी जिल्ह्यात असे एक मत्स्यालय असणे मला अधिक सुसंस्कृत वाटते.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला रसिकतेचे धडे रोज मिळतात. कवितेवर प्रेम करायला ती कुलपात ठेवावी लागत नाही, हे आपण जाणतो. तोच न्याय समुद्रालाही लावावा. ओहोटीच्या वेळी खडप उघडे पडते, तेव्हा डबक्यापाशी बसून मनसोक्त पाहावे, आणि रिकाम्या हातांनी परत यावे.