घाटमाथ्यावरची शेजारीण : आंबोली

मृगाच्या सरी स्थिरावल्या की रविवारी सकाळी बेळगावातून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला मोटारींची रांग लागते. शिनोळी मागे पडते, चंदगड तालुक्याचा निसरडा चढउतार सुरू होतो आणि धुके दाटू लागले की मुले ‘आंबोली आली!’ म्हणून ओरडतात. निपाणीची मंडळी आजऱ्यावरून येतात. धबधब्याखाली भिजून, भाजलेले कणीस खाऊन सारे जण दिवेलागणीला घरी परततात. आंबोलीशी आपली ओळख बहुधा एवढीच! वाचकहो, या शेजारणीशी आपले नाते याहून पुष्कळ जुने आहे.

आंबोली वसली ती बेळगावच्या गरजेपोटी. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला आणि पुढे येथे मोठी छावणी उभी राहिली. या छावणीचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे. ते बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांना १८१२ सालीच मिळाले होते. मधे उभा सह्याद्री. आरंभी रामघाटाची वाट होती. बेळगावातील रामघाट रस्त्याने तिचे नाव अद्याप जपले आहे. पण ती चढण बैलांचा जीव काढणारी. पुढे पारपोली गावावरून नवा घाटरस्ता झाला आणि माथ्यावर थकल्या गाड्यांना विसाव्याचे ठिकाण मिळाले. सावंतवाडी संस्थानातील इंग्रजांचा प्रतिनिधी कर्नल वेस्ट्रॉप याने १८८० च्या सुमारास त्या ठिकाणाला थंड हवेच्या गावाचे रूप दिले. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंची, उन्हाळ्यातही गार वारा. साहेबाला आणखी काय हवे होते?

परंतु दैवाचा खेळ पाहा. गाव आकार घेते न घेते तोच त्या दशकाच्या अखेरीस बेळगावला आगगाडी आली आणि लोंढ्यावरून मुरगाव बंदर जोडले गेले. वेंगुर्ल्याच्या मालाची वाट ओसरली. ज्या रस्त्याने आंबोलीला जन्म दिला, त्याचेच महत्त्व दहा वर्षांत उतरले! महाबळेश्वरासारखे वैभव तिच्या वाट्याला आले नाही, आणि आमच्या मते हेच तिचे भाग्य. नाही तर तेथील रान इतके उरले नसते.

वाटेचे महत्त्व गेले तरी पाण्याचे नाते तुटले नाही. आंबोलीत वर्षाला सरासरी सात मीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. गावापासून थोड्या अंतरावर एका गुहेतून हिरण्यकेशीचा उगम होतो. तेथे महादेवाचे स्थान आहे. हिरण्यकेशी हे पार्वतीचे नाव. अरबी समुद्र अगदी जवळ असूनही ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. आजरा आणि गडहिंग्लज ओलांडून ती संकेश्वरला येते, पुढे घटप्रभेला मिळते, आणि गोकाकच्या ५२ मीटर उंच कड्यावरून जो लोट कोसळतो त्यात आंबोलीचा पाऊसही असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, तर त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. त्या दिवसापासून बेळगावकराला आंबोलीस जाण्यासाठी राज्याची सीमा ओलांडावी लागते. नदीला मात्र कोणी नाक्यावर अडवले नाही.

याच उगमाच्या कुंडात २०२० साली शास्त्रज्ञांना चिमुकल्या माशाची एक नवी जात सापडली. तिला नदीचेच नाव देण्यात आले. देवाच्या कुंडातला म्हणूनच त्याला इतकी वर्षे अभय मिळाले असावे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये तेथील सुमारे दोन हेक्टरांच्या परिसराला जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. वाघासारख्या रंगाची नक्षी ल्यालेला एक छोटा भेकही आंबोली परिसराचाच रहिवासी. २००९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि नामशेष होण्याच्या कड्यावरील प्राण्यांत त्याची गणना होते. पहिल्या पावसात हे जीव रस्त्यावर उतरतात आणि आपल्या मोटारींच्या चाकांखाली सापडतात. कुंडात खाऊच्या पिशव्या टाकणारे हात आपल्याच गावांतले असतात, हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.

तेथील माणसांचेही पर्यटकाला न दिसणारे एक दुखणे आहे. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांतील ‘कबुलायतदार गावकर’ जमिनींचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, पण सातबारावर कसणाऱ्याचे नाव नाही. कणीस भाजून देणारी बाई त्याच घरांतली असू शकते. तिच्याशी दोन आण्यांची घासाघीस करताना याचे स्मरण असावे.

ज्यांना खरी आंबोली पाहायची असेल त्यांनी जुलैतला रविवार टाळावा. गणपती झाल्यावर एखाद्या आडवारी निघावे. धुके विरळलेले असते, आणि कावळेसादच्या कड्यावरून कोकणाची दरी दिसण्याचा संभव अधिक. पाऊस जोरात असेल तर तेथे वारा धबधब्याचे पाणी उलटे वर फेकतो. कठड्याच्या आतच थांबावे. उगमापाशी चपला काढण्याबरोबर आवाजही खाली ठेवावा. येताना नांगरतासचा अरुंद कडा पाहून घ्यावा, अंधार पडण्यापूर्वी निघावे आणि घाटमाथ्यावर मोटार हळू हाकावी. निपाणीकरांनी वाटेत आजऱ्याला घनसाळ तांदूळ जरूर घ्यावा.