साखरेच्या मुलखातली न्याहारी

नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात खेळू लागलं आणि ज्वारी-बाजरीच्या रानांत हळूहळू ऊस उभा राहिला. पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर ही नावं कारखान्यांमुळे सर्वतोमुखी झाली. बारामती-इंदापुरातली कितीतरी पक्की घरं, मुलींची लग्नं, मुलांच्या कॉलेजच्या फिया उसाच्या बिलावर निघाल्या. बँकेत आयुष्य गेल्यामुळे हा इतिहास मी खातेवह्यांतूनच वाचला. अशा ठिकाणी साखरेविरुद्ध बोलणं म्हणजे कुलदैवताविरुद्ध बोलणं! पाहुण्याने बिनसाखरेचा चहा मागितला, तर यजमानीणबाईंचा चेहरा उतरतो.

तरी बोललं पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात दहा कोटींवर मधुमेही, आणि उंबरठ्यावर उभे असलेले साडेतेरा कोटी. ‘मी असा काटकुळा, मला कसली शुगर?’ हा युक्तिवादही टिकत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचं आणि एका इंग्लिश डॉक्टर स्नेह्याचं छायाचित्र छापलं. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच. पण अंगातली चरबी स्नेह्याची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१!

आता सकाळचा हिशेब पाहा. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून उपाशीपोटी साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एवढीच शिल्लक शरीर रात्रंदिवस सांभाळतं. तिथे आपण उठल्याउठल्या दोन चमच्यांचा चहा, बुडवायला खारी, तासाभराने बशीभर पोहे आणि वर पुन्हा चहा असा भरणा करतो. पोह्यांचीही पोटात साखरच होते. शिवाय पहाटे यकृत स्वतःहून रक्तात साखर सोडत असतं, म्हणून मधुमेह्याला सकाळचं खाणं अधिक जड जातं. हल्ली जागोजागी ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या दिसतात. गूळ आणि साखर यांतला फरक जिभेला कळतो, रक्ताला फारसा नाही.

पूर्वी न्याहारी बांधावर व्हायची : बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, ठेचा, कांदा, ताक. पण ती पहाटेपासून उसाला दारं धरून झाल्यावर. भाकरी अजून आहे, श्रम गेले. बाजरी पोह्यांपेक्षा बरी, पण तीही धान्यच. मोटरसायकलवरून मळ्यात जाणाऱ्याने आजोबांच्या मापाने तीन भाकऱ्या खाऊ नयेत.

पोहे सोडायचं कारण नाही. निम्मे घ्यावेत, त्यात शेंगदाणे सढळ हाताने घालावेत, शेजारी मोडाची उसळ किंवा अंडं असावं. उसळ-काकडी आधी आणि भाकरी-पोहे मागाहून खाल्ले, तर साखर कमी उसळते. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २०१५ साली एका छोट्या प्रयोगात हा क्रमाचा परिणाम दाखवला. खाऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालावं. मळा जवळ असेल तर गाडी काढूच नये. इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र न्याहारी चुकवू नये, आणि बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

उरला चहा. सभासदांना सवलतीची साखर मिळते, दिवाळीला पोतं घरात येतं, मग हात आखडता कसा घ्यायचा? चहा बिनसाखरेचा करावा आणि साखरेचा डबा चमच्यासकट पाहुण्यापुढे ठेवावा. ज्याला हवी, तो घेईल.