पहिली मोटारसायकल : नवी की जुनी?

तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली असे आठवडी बाजार करणाऱ्या आमच्या बांगडीवाल्या, कापडवाल्या आणि गाद्या भरणाऱ्या बांधवांना मोटारसायकल ही आता चैन राहिलेली नाही. पहिली गाडी नवी घ्यावी की जुनी, यावर मात्र घराघरांत वाद होतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाडीचा मोह वाढणे साहजिक आहे. पण किंमत उतरली म्हणून हप्ता टळत नाही. आपल्या जिल्ह्यात पैसा फिरतो तो धान निघाल्यावर. आषाढ-श्रावणात बाजार चिखलात बसतो, गिऱ्हाईक उधारी मागते, हप्त्याची तारीख काही थांबत नाही. व्याजाला हातच न लावणाऱ्यांचा तर प्रश्न मिटलाच. गाठीशी असलेल्या रोख पैशात १०० सीसीची जुनी गाडी घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिली गाडी पडते, घासते, ओझ्याने तिचे मागचे शॉकअप बसतात; नव्या गाडीचे हे हाल पाहवत नाहीत.

पाहायला जाताना ओळखीचा मिस्त्री न्यावा. इंजिन थंड असतानाच किक मारून पाहावी. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी परत जावे. निळसर धूर दिसला की इंजिन ऑईल जाळते असे समजावे. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, ते खेड्यातल्या गॅरेजात दुरुस्त होईलच असे नाही. मात्र फार जुनीही नको : नोंदणी १५ वर्षांची असते, त्यातली किती उरली हे पाहूनच भाव बोलावा.

खरा घोटाळा कागदांत होतो. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले, चावी घेतली, झाले, हा आपल्याकडचा रिवाज. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ठरवले की, गाडी कितीही हातांतून गेलेली असो, आर.टी.ओ.त ज्याचे नाव तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी. तेव्हा जुनी गाडी विकणाऱ्या बांधवांनीही जागे व्हावे. नमुना २९ आणि ३० वर सह्या हव्यात. कर्जाचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि कर्ज देणाऱ्याचा ना-हरकत दाखला. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

आम्ही स्वतः एक गाडी दोन वर्षे दुसऱ्याच्या नावाने फिरवली. पुढे मूळ मालक गाव सोडून गेला, आणि एका सहीसाठी आमचे चार बाजार बुडाले. त्यानंतर आम्ही आधी फक्त बयाणा देतो. बाकीची रक्कम सह्या झाल्या त्या दिवशी, आर.टी.ओ.च्या दारात.