क्लुनीतल्या मुलांना तिथेच शिकू द्या

क्लुनी मठाची देखभाल करणारे फ्रान्सचे अधिकारी आणि तिथल्या अभियांत्रिकी शाळेचे चालक यांस,



दरवर्षी २ नोव्हेंबरला आम्ही वसईची कॅथलिक कुटुंबे दफनभूमीत जातो, आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. सर्व मृतांसाठी या दिवशी प्रार्थना करण्याची रीत क्लुनीचे मठाधिपती ओदिलो यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या मठांना घालून दिली. तिथून ती आमच्यापर्यंत आली. त्या नात्याने एक मागणे आहे.

आक्वितेनचा ड्यूक गियोम याने ९१० साली क्लुनीची जमीन संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणाऱ्या संन्याशांना दिली आणि कोणत्याही सरदाराने, अगदी आपल्या वंशजांनीही, तिथे हात घालू नये असे सनदेत लिहून ठेवले. बेनेडिक्टच्या नियमात प्रार्थनेबरोबर हातांच्या श्रमालाही मान होता. क्लुनीत मात्र प्रार्थनेचे तास वाढत गेले आणि श्रम मागे पडले. १०८८ साली मठाधिपती ह्यूग यांनी तिसरे चर्च बांधायला घेतले. सुमारे १८७ मीटर लांबीचे ते चर्च रोमचे नवे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात सर्वांत मोठे होते.

फ्रेंच क्रांतीनंतर १७९० साली मठ बंद झाला. १७९८ साली इमारती व्यापाऱ्यांना विकल्या गेल्या. चर्चच्या मधोमध रस्ता काढला गेला, भिंती पाडून दगड विकले गेले, आणि हे काम १८२३ पर्यंत चालले. पवित्र पाण्याचा मनोरा आणि त्याच्या आसपासचा थोडा भाग वाचला. जेमतेम दहावा हिस्सा.

संन्याशांची अठराव्या शतकातली निवासवास्तू मात्र टिकली, कारण तिचा उपयोग होता. १८६६ पासून तिथे शिक्षकांची शाळा भरली, १९०१ पासून आर्ट्स ए मेतिए ही अभियांत्रिकी शाळा भरते. मुले लाकूड आणि धातूचे यंत्रकाम शिकतात. बेनेडिक्टच्या नियमाचा मागे पडलेला भाग, हातांचे काम, असा त्या वास्तूत परत आला आहे.

माझे मागणे एवढेच, की ही शाळा तिथून कधी हलवू नका. पर्यटकांची गर्दी वाढेल, जागेची किंमत वाढेल, आलिशान हॉटेलाचे किंवा नुसत्या प्रदर्शनाचे प्रस्ताव येतील. तेव्हा चर्चचे काय झाले ते आठवा. ज्या दिवशी त्यातला वावर संपला, त्या दिवसापासून ते दगडाच्या भावाने मोजले गेले.

हे मी वसईच्या किल्ल्याजवळ राहून लिहितो. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले आणि किल्ल्यातले मठ रिकामे झाले. आज फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन मठांच्या भिंतींना छप्पर नाही. संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चर्चला मात्र आहे, कारण तिथे लोक सणाला जमतात. रिकामी भिंत पावसाळ्यात कशी खचते, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

येत्या २ नोव्हेंबरला क्लुनीच्या मृत संन्याशांसाठीही आम्ही एक मेणबत्ती लावू. त्यांच्या घरात शिकणाऱ्या जिवंत मुलांची काळजी तुम्ही घ्या.

आपला,
वसईचा एक रहिवासी