मिसरी लावणारी आई आणि तिचे न्यायाधीश

गरोदरपणात मिसरी लावते म्हणजे या बाईला पोटच्या लेकराची माया नाही, असा निकाल आपण फार लवकर देतो. जिजाऊंच्या सिंदखेडराजामुळे स्वतःला अभिमानानं मातृतीर्थ म्हणवणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यातही तो दिला जातो. हा निकाल अन्यायाचा आहे आणि लेकराच्याही हिताचा नाही.

अपाय खरा आहे, त्यात सूट नको. मिसरी म्हणजे भाजून कुटलेला तंबाखू. त्यातलं निकोटिन हिरड्यांवाटे रक्तात उतरतं, रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेतून बाळाला मिळणारं रक्त कमी पडतं. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांवरचा प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली, सुमारे सहा दिवस आधी जन्मली. आणि या बायकांत मिसरीवाल्याच जास्त होत्या. पोटातच बाळ दगावण्याचा धोकाही पुढच्या अभ्यासात अडीच पटींच्या घरात दिसला. "माझी लेकरं मिसरीवरच झाली, धडधाकट आहेत," असं म्हणणारी आजी खोटं बोलत नाही. पण १०५ ग्रॅम डोळ्यांना दिसत नसतात. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला ते भोवतात.

आता न्यायाधीशांकडे वळू. ते म्हणतात, बाळाला निवड नव्हती, आईला होती. कसली निवड? दाढ दुखते म्हणून मिसरी बोटावर येते ती बहुधा घरातल्याच मोठ्या बाईच्या हातून, कोवळ्या वयात. मग तिच्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. दिवस गेल्यावर मळमळ तिनंच थांबते असं वाटतं. कपाशी-सोयाबीनच्या निंदणाला दिवसभर वाकलेल्या बाईची भूकही ती मारते. एवढ्या गरजा भागवणारं व्यसन लाज वाटून सुटेल?

आणि त्याच घरात नवरा बिडी ओढतो. तो धूर त्याच गर्भापर्यंत पोहोचतो, पण त्याच्या बापपणावर कोणी बोट ठेवत नाही. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रात ३५.५ टक्के पुरुष आणि १७ टक्के बायका तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. आरोपी मात्र ठरतात त्या १७ टक्क्यांतल्याच.

दटावल्याशिवाय सवय मोडत नाही, हा दुसरा दावा. दटावलं की मिसरीची डबी फक्त घरामागे जाते. सासूसमोर आशाताईनं विचारलं, "मिसरी लावता का?" तर उत्तर "नाही" असंच येणार. मग नोंद होत नाही, उपाय होत नाही. २०१२पासून राज्यात गुटखा बंद आहे, पण साधा तंबाखू आणून घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीपर्यंत तो कायदा पोहोचत नाही. तिथे पोहोचतो फक्त विश्वासानं केलेला संवाद.

म्हणून माझी मागणी आहे: पहिल्या नोंदणीलाच, एकटीला बाजूला घेऊन विचारावं. कशासाठी लावता, हेही विचारावं. दाढ दुखत असेल तर दाढेवर उपचार व्हावा, पोट साफ होत नसेल तर त्यावर. तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक तिला द्यावा. पुढच्या तपासणीला ती "कमी केली, पण सुटली नाही" म्हणाली तर कपाळाला आठी न घालता ऐकून घ्यावं, कारण कुठल्याही महिन्यात सोडली तरी फायदा आहे. आणि नवऱ्याला त्याच आठवड्यात दवाखान्यात बोलावून त्याच्या बिडीचा हिशेबही तिच्या तपासणीच्या कार्डावर लिहावा.